रूलीनचं उत्तर न काढलेलं उदाहरण

त्या हिवाळ्यात लेउवार्डन शहरातल्या एका शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात कुणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता. लोक कॉफी घ्यायला उठत, ती घेऊन यंत्रापाशीच उभे राहत आणि गार झाली की ओतून देऊन पुन्हा रांगेत लागत. कालव्याकडच्या खिडक्या वाऱ्याने खडखडत होत्या. दर वर्षीच खडखडायच्या, पण त्या वर्षी प्रत्येक खडखडाटाला कुणीतरी दाराकडे वळून बघायचं.

शाळांना आता छापील पुस्तकांपेक्षा पडद्यावरचे धडे हवे होते. ॲमस्टरडॅमहून आलेला नवा संचालक रेनाउट याने नोव्हेंबरात सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की संपादन विभागातली एक जागा कमी होईल. पाचांतली एक. कुणाची ते त्याने सांगितलं नाही, कारण ते ठरवणं त्याच्या हातात नव्हतंच. कायद्याप्रमाणे माणसं वयाच्या गटांत मांडायची. ज्या गटात माणसं जास्त, त्या गटातून जायचं. आणि त्या गटात जो सर्वांत शेवटी नोकरीला लागला असेल, त्याने जायचं. बाकी फक्त वय कोणत्या तारखेला मोजायचं, एवढंच ठरायचं होतं.

रूलीन भूगोलाची संपादक होती. डोक्कुमच्या एका मालवाहू बोटवाल्याची मुलगी. तिचं लहानपण जलद्वारांपाशी बोटी थांबवून पाणी चढायची वाट बघण्यात गेलं होतं, आणि तिच्या वडिलांना वाट बघणं मुळीच जमत नसे. मग ते शेजारच्या बोटीवरच्यांना, जलद्वाराच्या माणसाला, काठावरच्या बदकांनासुद्धा काहीतरी खुसखुशीत बोलत. पाणी चढेपर्यंत बोलत राहायचं, ही रीत रूलीनने त्यांच्याकडून उचलली. शाळेत दोन-तीन वर्षं शिकवून ती प्रकाशनात आली, ती बोलत बोलतच. वाद पेटला, छपाई अडली, कुणाचा नवरा सोडून गेला, की खोलीतलं पहिलं वाक्य रूलीनचं असायचं, आणि त्यानंतर लोकांना श्वास घेता यायचा.

त्या दिवसांत तर तिला उसंतच नव्हती.

"रेनाउटनं निरोपाची कार्डं घाऊक घेतलीयेत म्हणे," हिशेब विभागातली चित्स्के म्हणाली.

"बरं झालं," रूलीन म्हणाली. "तेवढ्या बचतीत अर्धा माणूस तरी वाचेल."

"अर्धा कुठला?"

"वरचा ठेवतील, खालचा घरी. मीटिंगला काय, वरचाच लागतो."

संडासात, दाराच्या आतल्या बाजूला, तिकडे घरोघरी असतं तसं वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. पूर्वी लोक ते पुढचा केक कधी मिळणार हे बघायला वाचायचे. आता आत गेलेला माणूस लवकर बाहेर येईना. कुणीतरी नावांपुढे जन्मसालंही लिहून ठेवली होती. एकदा बाहेर ताटकळलेली रूलीन दारावर टकटक करून म्हणाली, "अहो, तुम्ही कितीही वेळ बसलात तरी तरुण होऊन बाहेर येणार नाही." आतून हसण्याचा आवाज आला, आणि मागोमाग पाणी सोडल्याचा.

डिसेंबरात तिने एक कागद कॉफीच्या यंत्रावर चिकटवला. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाच्या थाटात, चौकटीत, मोठ्या अक्षरांत:

'एका प्रकाशनात पाच संपादक आहेत. तिघे पंचेचाळीसच्या आतले, दोघे त्यापुढचे. संचालक त्यांतून एक वजा करतो. उरलेल्यांच्या वाट्याला किती केक येईल? हुशार विद्यार्थ्यांसाठी: अशी तारीख शोधा, की जिच्यामुळे वजा होणारा संपादक बदलेल.'

लोक हसले. गोदामातला डौवे तर फोनवर फोटो काढून घेऊन गेला. गणिताचा संपादक विबे मात्र ब्रेडचा डबा हातात धरून कागदासमोर उभाच राहिला.

"उत्तर कुठंय?" त्याने विचारलं.

"अरे, विनोद आहे तो."

"विनोद असला म्हणून काय झालं? उत्तर काढल्याशिवाय उदाहरण बाहेर जायचं नाही. हा नियम मला तूच शिकवलास पहिल्या आठवड्यात. माझं आगगाडीचं उदाहरण परत पाठवलं होतंस."

"तुझी आगगाडी समुद्रात जात होती, विबे."

तो हसला आणि जेवता जेवता सोडवायला बसला. त्यांची टेबलं समोरासमोर होती. विबे चार वर्षांपूर्वी झ्वोलेहून आला होता, बायको आणि दोन मुलींना घेऊन. त्या मुली आता इथल्या फ्रिशियन भाषेत शिव्या देतात याचा त्याला लपवता न येणारा अभिमान होता. चीजचा ब्रेड एका हातात, पेन्सिल दुसऱ्या हातात. पाच टिंबं काढली, त्यांच्याभोवती दोन वर्तुळं. मग पेन्सिल थांबली.

"तुझा वाढदिवस फेब्रुवारीच्या शेवटी ना?"

"हो. का?"

"येत्या वाढदिवसाला पंचेचाळीस?"

रूलीनने मान हलवली.

"तारीख त्याच्या आधीची धरली, तर इकडं आपण तिघं. तिघांत नवा मी. मी जातो." त्याने एक टिंब खोडून दुसऱ्या वर्तुळात काढलं. "नंतरची धरली, तर तू तिकडं जातेस. तिकडं तिघं होतात. त्या दोघी तुझ्या कितीतरी आधीच्या आहेत. मग तू."

ते उदाहरण तिने पाच मिनिटांत रचलं होतं. 'हुशार विद्यार्थ्यांसाठी' ही ओळ तर फक्त शोभेला टाकली होती. ती स्वतः सोडवून बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"म्हणजे याला दोन नाही, तीन गुण ठेवायला हवेत," ती म्हणाली.

दोघं हसले. पण त्या दिवसानंतर ती टेबलावरून मान वर करायची, तेव्हा विबेची मान नेमकी खाली जायची. आणि तिची खाली असली की तो आपल्याकडे बघतोय असं तिला वाटत राहायचं. तिचा गुडघा टेबलाखाली हलत राही. दोघांच्या टेबलांचे पाय एकमेकांना टेकलेले असल्यामुळे विबेच्या कपातली कॉफीही हलायची. तो कप उचलून पलीकडे ठेवायचा.

जानेवारीत रेनाउटने एक मार्च ही तारीख सुचवली आणि कर्मचारी समितीचं मत मागवलं. समितीत तिघंच होते: चित्स्के, डौवे आणि रूलीन. समितीने बहुमताने दुसरी तारीख, म्हणजे एक फेब्रुवारी, मागितली तर आपण ती घेऊ, असं त्याने लिहून दिलं होतं.

त्या सकाळी सायकली लावायच्या छपराखाली विबे भेटला. वारा समोरून होता, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं.

"आज बैठक?"

"हो."

"मला काही सांगू नकोस. म्हणजे आत्ता नको. झाल्यावर सांग."

"माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

"फेब्रुवारी," तो लगेच म्हणाला. मग कुलूप लावत खाली वाकून म्हणाला, "पण मी माझ्या जागी आहे ना, रूलीन."

बैठकीच्या खोलीत गेल्यावर रूलीन उभ्या उभ्याच म्हणाली, "माझा यात संबंध येतो. मी बाहेर थांबते."

"संबंध असणाऱ्यांनी बाहेर जायचं, तर इथं फक्त रेडिएटर उरेल," चित्स्के म्हणाली. "बस गं."

चित्स्केला मार्च हवा होता. भरपाईची बोलणी करायला तेवढा वेळ मिळेल असं तिचं म्हणणं. डौवेला फेब्रुवारी. "दात काढायचा तर काढा एकदाचा. रोज जीभ लावून बघतोय नुसते." दोघांनी आपलं म्हणणं दोनदा मांडलं. मग दोघंही तिच्याकडे वळले.

फेब्रुवारी म्हणणं अवघड नव्हतं. ते म्हणायला चांगली कारणंही होती. डौवेने ती नुकतीच तिच्यासमोर मांडली होती. रूलीनने तोंड उघडलं. खिडकी खडखडली. समोर दोन माणसं वाट बघत होती, आणि कुणी वाट बघतंय म्हटल्यावर तिच्या तोंडून जे यायचं तेच आलं.

"थांबा, आईला फोन करून विचारते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिला अजून थोडी कळ काढता आली असती का म्हणून."

डौवेने टेबलावर हात आपटला. चित्स्केला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. गेल्या दोन महिन्यांत त्या इमारतीत कुणी इतकं मनापासून हसलं नसेल. खोली जरा उबदार झाल्यासारखी वाटली.

"म्हणजे तुझं मत नाही, असं लिहू?" चित्स्केने हसत हसतच विचारलं. पेन उचललेलं होतं.

रूलीनला प्रश्न नीट ऐकू आला होता. त्या हसण्यात आता फेब्रुवारी म्हणायचं, म्हणजे दोन मुलींच्या बापाचं नाव घ्यायचं.

"लिही," ती म्हणाली.

"मग एकाला एक. रेनाउटची तारीख राहते." चित्स्के लिहू लागली, आणि लिहिता लिहिता तिचं हसू ओसरत गेलं. तिने वर बघितलं. "रूलीन, अगं..."

"लिहिलंस ना? झालं तर मग."

विबे टेबलाशीच होता. समोरच्या पानावरून त्याची नजर हलत नव्हती, आणि पान मघापासून उलटलेलं नव्हतं. ती खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली.

"मार्च," ती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. सुटका वाटल्याचं लपवायला हवं होतं, हे त्याला उशिरा कळलं. "तू मार्चला मत दिलंस?"

"नाही."

"मग?"

"मत दिलंच नाही. विनोद केला."

 आभार मानावेत की माफी मागावी, हे त्याला ठरवता येत नव्हतं. तिलाही त्यातलं नेमकं काय आवडलं असतं ते सांगता आलं नसतं. आपण हे त्याच्यासाठी केलं असं म्हणायची तिची हिंमत नव्हती, कारण तसं केलं होतं की नाही हे तिला माहीतच नव्हतं.

"काय विनोद?" त्याने शेवटी हळूच विचारलं.

तिने सांगितला. आईचा फोन, कळ काढणं, सगळं.

विबेच्या नाकातून आधी एक आवाज आला, मग तो खरोखर हसला, मान मागे टाकून. आणि मध्येच थांबून त्याने तोंडावर हात घेतला. त्याचे कान लाल झाले. "माफ कर," तो म्हणाला. "माफ कर, रूलीन."

"नाही रे," ती म्हणाली. "चांगलाच होता तो."

आणि एक क्षणभर, नोकरी गेली हे ठाऊक असूनही, तिला खरंच बरं वाटलं. मग टेबलाखाली तिचा गुडघा पुन्हा हलू लागला.