सहा दोर, एक चाक

लिफ्टवाल्याला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पायात भोवराच होता. लिफ्ट दुरुस्त झाली तरी हा चारदा वरखाली करणार, दाराला कान लावणार आणि निघता निघता मागे फिरून पुन्हा बटण दाबणार. अशा माणसाने दहा वर्षं हात न लावायची गुंतवणूक करावी, हाच मुळात विनोद होता.

पैसे बायकोचे. लोकांचे कपडे शिवून तिने ते रस्त्यालगतच्या गाळ्याच्या डिपॉझिटसाठी जमवले होते. घरात शिवणाचं मशीन खाटेला चिकटून होतं. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की नवऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं.

"भाड्याने कशाला? पैसे क्रिप्टोत घालू, दहा वर्षांनी विकतच घेऊ," तो म्हणाला.

"तुम्हाला त्यातलं कळतं का?"

"अगं, लिफ्टसारखंच आहे. लिफ्ट कधी एका दोरावर टांगतात का? एक तुटला तरी बाकीचे धरतात."

म्हणून त्याने सहा क्रिप्टो चलनं निवडली. एक सगळ्यात जुनं. एक असं, की ज्याच्यावर बाकीच्यांचा कारभार चालतो. एक परदेशात पैसे पाठवायचं, दोन कशाची ते वाचूनही कळलं नाही अशी आणि सहावं मेहुण्याच्या आग्रहाचं. मेहुणा म्हणजे उंटावरचा शहाणा. पण सहा आकडा भरला, याचंच लिफ्टवाल्याला समाधान.

ते फार टिकलं नाही. जेवताना, शिडीवर, दात घासताना तो फोन बघे. भाव चढला तर आणखी का नाही घेतलं म्हणून तळमळे, उतरला तर आधीच का नाही विकलं म्हणून. बायको म्हणे, "दहा वर्षांचं आहे ना? मग दहा मिनिटं तरी धीर धरा."

आणि एका सकाळी, एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्याने फोन उघडला. सहाच्या सहा आकडे लाल. जुनं, नवं, परदेशी, मेहुण्याचं, सगळी एकाच माळेचे मणी. त्याने वर पाहिलं. सहा दोर शेजारी शेजारी, तेल लावलेले, त्यानेच ताण सारखा केलेले. आणि सहाही एकाच चाकावरून गेलेले. आयुष्यभर ते चाक पुसलं आणि डोक्यात मात्र आलं नाही! त्याला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

घरी त्याने सगळं सांगितलं. ती काजं करत होती. सुई थांबली.

"किती उरले?"

"निम्म्याहून कमी. पण वर येतील गं, थांबलो तर—"

"येतीलही. पण तुम्हाला थांबता येतं का?"

त्याच रात्री त्याने सगळं विकलं.

उरलेल्या पैशांत रस्त्यालगतचा गाळा मिळणं शक्यच नव्हतं. मिळाली ती चौथ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. लिफ्टवाल्याने शिवणाचं मशीन छातीशी कवटाळून जिना चढायला घेतला. मागून ती त्याच मशीनची खालची लोखंडी चौकट धरून. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या खिशात फोन थरथरला. भाव बदलला की येणारी सूचना बंद करायची राहून गेली होती. चढला असेल? त्याची बोटं मशीनवरच वळवळली.

"खाली ठेवू नका," ती मागून म्हणाली. "पुन्हा उचलायला माझ्यात बळ नाही."

फोन पुन्हा थरथरला. तो पुढची पायरी चढला.