कुंपणावरून आलेली काठी

चूक माझीच होती, आणि ती मी भल्या सकाळी, मोठ्या आवाजात केली.

विद्यापीठाच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायला येऊन आठवडाच झाला होता. कुंपणावरून एक काठी आत आली, तिने आमच्या तगरीची फांदी वाकवली आणि एक सुरकुतलेला हात फुलं खुडू लागला. मी टॉवेलवरच बाहेर धावलो. "अहो आजी, चोरलेली फुलं देवाला चालतात का?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "न्हाणीघरातला नळ गळतोय ना? उलटा फिरवा, बंद होईल." आणि निघून गेल्या.

मी आत जाऊन नळ उलटा फिरवला. आठवडाभराची टपटप थांबली. माझ्या आधी या घरात कोण राहत होतं आणि तगर कोणी लावली, हे मला त्या शांततेत कळलं.

क्वार्टरच्या भिंती विद्यापीठाच्या असतात, भिंतींतले खिळे आधीच्या माणसांचे. आपली म्हणावी अशी फक्त दारावरची पाटी. तेवढ्या पाटीवर मी मालक होऊन बसलो होतो.

पुढचे तीन दिवस काठी आली नाही. तगरीखाली फुलांचा सडा पडू लागला. बायको म्हणाली, "जा आता त्यांच्याकडे. आणि निदान शर्ट घालून जा."

शेजाऱ्यांना पत्ता विचारत गेलो; बाई इथल्याच निवृत्त प्राध्यापिका निघाल्या. दार त्यांनीच उघडलं. पाठ केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "मॅडम, चुकलो. मी तुमच्याच घरात राहतो. उद्यापासून फाटकातून आत या."