साधूसाहेबांनी कच्चा ठरवलेला डोंगर

भूगर्भखात्यात त्यांना सगळे साधूसाहेब म्हणत. निम्मे आदरानं, निम्मे टोमणा म्हणून. दगडावर हातोडा घालण्याआधी साहेब डोळे मिटून उभे राहायचे. "ज्यानं घडवलं त्याची परवानगी नको?" म्हणायचे. बरं, नुसतेच भाविक होते म्हणावं तर तसंही नाही. भिंगातून एकदा बघितलं की दगडाच्या सात पिढ्या सांगत. हाताखालच्यांना एकच बजावत, दगड खोटं बोलत नाही, तुम्हीही बोलू नका.

त्यांच्याच हाताखाली शिकलेली बाई आता खात्याची प्रमुख झाली होती. साहेब जाऊन वर्ष उलटलं होतं आणि नमुन्यांच्या कोठाराला त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं. नेमकी तेव्हाच, पुलाच्या कामाला दगड हवा म्हणून, गावामागच्या डोंगराची फाईल तिच्या टेबलावर आली. साहेबांनीच कधीकाळी लिहून दिलेलं, 'आत दगड कुजका, खाण नको.' आणि डोंगराच्या माथ्यावर काय, तर जुनं प्रार्थनाघर. आता बोला.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं बाईला तेव्हाही वाटलं होतं, पण सरांना विचारणार कोण? आता मात्र कुणाला विचारायची गरज नव्हती. ती स्वतः कोठारात गेली आणि जुन्या पेट्या उघडायला लावल्या.

यंत्रानं जमिनीत भोक पाडलं की आतला दगड लांब गोल कांड्यांनी बाहेर येतो. त्या कांड्या वरून खाली अशा क्रमानं पेटीत मांडतात. कुजका थर लागला तर त्याचा चिखल होऊन वाहून जातो, मग तेवढी जागा रिकामी सोडून तिथं लाकडी ठोकळा ठेवतात. ठोकळा होता. त्यावर साहेबांचं अक्षर, 'माल वाहून गेला.' पण कुजक्या थराला लागून असलेली कांडी यंत्रात घासून घासून टोकाला गोल होते. इथली टोकं धारदार होती, हातोड्यानं तोडल्यासारखी. लबाडीत मुरलेल्यानं ती आधी घासून ठेवली असती. साहेबांना तेवढंही सुचलं नव्हतं. म्हणजे मधला चांगला दगड साहेबांनीच काढून नेला होता.

देवासाठी खोटं बोललात होय? तिला संताप आला. जन्मभर आम्हाला शहाणपण शिकवलंत आणि स्वतः हे केलंत? तिनं एका टोकाचा तुकडा पिशवीत टाकला आणि तडक साहेबांचं घर गाठलं.

साहेबांच्या पत्नीनं, काकूंनी चहा टाकला. बाई आडून आडून विचारत होती, पण नजर घरभर फिरत होती. साहेब जिथं प्रार्थनेला बसत, तिथल्या कोनाड्यात काळ्या दगडाच्या कांड्या उभ्या होत्या. काकू आत वळल्या तशी तिनं पिशवीतला तुकडा काढून एकीला लावला. डब्याला झाकण बसावं तसा बसला.

"सापडलं का?" मागून काकू म्हणाल्या. कप त्यांच्या हातातच होता.

"प्रार्थनाघर वाचवायला सरांनी एवढं केलं?"

"छे गं. देवाला काय, तो कुठंही राहील, म्हणायचे." काकू खाली बसल्या. "प्रार्थनाघराच्या मागं आमची पोर पुरलीय. तापात गेली, धड बोलायलाही लागली नव्हती. खाण होणार कळलं तेव्हा मीच ह्यांचे पाय धरले. म्हटलं, माझ्या पोरीला सुरुंग लावू नका. ऐकलं ह्यांनी. त्यानंतर रोज इथं डोळे मिटून बसायचे, पण ओठ हलायचे नाहीत. एकदा विचारलं, तर म्हणाले, खोटं लिहून आलोय, आता कुठल्या तोंडानं त्याच्याशी बोलू?"

संशय खरा निघाला होता आणि बाईला त्याचा काडीचाही आनंद नव्हता. दगड चांगला आहे असं लिहावं, तर डोंगर जाणार, पोरीची जागा जाणार आणि साहेबांचं नावही मातीत मिळणार. न लिहावं, तर खोट्याखाली आता तिची सही.

"काकू, मी काही बघितलंच नाही असं समजा," ती शेवटी म्हणाली. "जुना अहवाल राहू दे तसाच."

काकूंनी मान हलवली. "ह्यापायी एक माणूस मरेपर्यंत देवाशी अबोला धरून बसला. तू नको बसूस." त्यांनी हातातला कप तिच्यापुढं ठेवला. "खरं काय ते लिही, बाळा. पोरीची समजूत मी काढीन."