अव्वाच्या हातातलं इष्टलिंग

आधीच सांगून टाकते, करणी, भानामती, अंगात येणं... असलं कुणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी सोलापूरला सायकियाट्रीची रेसिडेंट आहे. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी याच गोष्टींवरून रोज वाद घालते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

नळदुर्गला आमचं भुसाराचं दुकान. मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, दुकानातून घरी यायची वाट चुकले. गल्लीतल्या लोकांनी हाताला धरून आणलं. मला खरं तर सर्जन व्हायचं होतं, पण त्यानंतर मेंदूशिवाय दुसरं काही सुचेना. रिसर्चलाही डिमेन्शियाच घेतला. वाटायचं, काहीतरी सापडेल... कसलं काय! बघता बघता अप्पा मलाही ओळखेनात. त्यांचा एमआरआय मी माझ्या रिसर्चच्या सरांबरोबर बसून पाहिलाय. मेंदू पार सुकून गेलेला.

मागच्या वर्षी अव्वा, माझी आई, हार्ट अटॅकनं गेली. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. मी एकुलती एक, सगळं मीच केलं. आम्ही स्मशानात होतो तेव्हा अप्पा घरी काकूकडं जेवायला मागत होते. बायको गेली हे त्यांना कळलंच नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. अव्वासाठी माझ्याबरोबर रडायला जो माणूस हवा होता, तोच नव्हता.

दिवाळीला घरी गेले होते. दुपारी अप्पांना भात भरवत होते, तर त्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

"सुमे, तुझ्या अव्वाच्या हातात लिंग कुणी ठेवलं?"

घास खाली पडला. किती दिवसांनी त्यांच्या तोंडून माझं नाव... आमच्यात पुरताना माणसाच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या हातात ठेवतात. मी म्हणाले, मीच ठेवलं, अप्पा.

"बोटं मिटंनात म्हणून ओढणीची चिंधी बांधलीस. बरं केलंस पोरी."

आणि ते रडायला लागले. मीही रडले, अगदी पोटभर. अव्वा कशी गेली, शेवटी काय बोलली, सगळं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. काकू दारात उभी राहून ऐकत होती. मग अप्पा दमून झोपले.

ती चिंधी फक्त मी आणि विधी करणाऱ्या स्वामींनी पाहिली होती. स्वामी म्हणाले, मी कुणाला बोललो नाही. काकूला तर पत्ताच नव्हता. अशा पेशंटना क्वचित कधी थोडा वेळ भान येतं, हे आम्हाला माहीत आहे. का येतं, ते माहीत नाही. पण चिंधीचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. माझे सुजलेले डोळे बघून अप्पा अंग चोरून बसले, परक्या बाईसमोर बसावं तसे.

"बाई, तुमच्या घरात कुणी गेलं का वो?"

व्हय, मी म्हणाले. माझी अव्वा गेली.

"लई वाईट झालं. घरी वडील हायत न्हवं? त्यांच्याजवळ बसा जरा."

मी बसले.