बाबा त्या पहाटे प्यायले नव्हते

कॉलेजात आम्हाला लिहायला शिकवायचा एक पेपर होता. हसू नका. बारावीपर्यंत पानंच्या पानं खरडून आलेल्या पोरापोरींना पहिल्या वर्षाला पुन्हा शिकवायचं, की आपलं म्हणणं कसं मांडायचं, त्याच्याखाली पुरावा कसा द्यायचा आणि तो कुठून आणला ते शेवटी कसं नोंदवायचं. वीज केंद्राच्या वसाहतीतली, ऊर्जानगरची मुलं गाड्यांवरून यायची आणि मागच्या बाकावर मोबाइल बघत बसायची. मी मात्र पहिल्या बाकावर. मला तो पेपर हवाच होता, आणि त्याला कारण माझी माय.

बाबा मी शाळेत असतानाच गेले. आमचं गाव गोंडपिपरीकडचं, जंगलाला लागून. उन्हाळा लागला की मोहाची फुलं पडतात. ती उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खाऊन टाकतात. कोणतं झाड कोणत्या घरचं हे ठरलेलं असतं, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली नेत नाही. आमच्या झाडाखाली दरवर्षी माय जायची. त्या वर्षी एका पहाटे बाबा गेले, आणि वाघाने त्यांना तिथेच धरलं.

दुःख कमी होतं की काय म्हणून गावाने वरून बोलणं चालू केलं. पिऊन गेला असेल. शुद्धीतला माणूस जनावर फिरत असताना एकटा जातो का? लोकांच्या जिभेला काय हाड असतं! बाबांना दारूचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही, कोणी पिऊन आलं की ते लग्नाच्या मांडवातून उठून घरी यायचे. पण गेलेला माणूस काय सांगणार, आणि मायचं कोण ऐकणार? मी चंद्रपूरला निघाले तेव्हा ती माझी पिशवी भरता भरता म्हणाली, "तू आता शिकून राह्यली ना, तं लिहून टाक, का तुहा बाप पेला नव्हता. मंग पाहू कोण बोलते." कागदावर आलं की लोकांची तोंडं बंद होतील असं तिला वाटायचं. खरं सांगते, मलाही वाटायचं.

सत्राच्या शेवटी आपल्या भागातल्या एका प्रश्नावर निबंध द्यायचा होता. मी बाबांवर लिहिला आणि रडतरडत लिहिला. सर वरोऱ्याचे, हळू बोलणारे. त्यांनी कागद परत दिला तो लाल करून. मी लिहिलं होतं, 'जनावराने नेले.' त्यावर गोल आणि बाजूला 'कोणते?' आमच्याकडे जंगलात त्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो म्हणतात, आणि बाबा गेल्यापासून तर घरातही तो शब्द कोणी काढला नव्हता. मी उभी राहून पहिल्यांदा "वाघ" म्हटलं. सर म्हणाले, "मग तसं लिही. वाचणाऱ्याला तुझ्या घरची रीत कशी कळेल?"

'गावात म्हणतात' याच्याखाली रेघ होती. कोण म्हणतात? 'माझे बाबा फार सज्जन होते' हे वाक्य सगळंच काटलं होतं. 'मी' जिथे जिथे होतं तिथे फुली. दुसऱ्या खेपेला लिहिताना माझ्या बाबांची मी 'मृत व्यक्ती' करून टाकली. मृत व्यक्ती म्हणे! ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून बाजार दाखवला, त्याला मी मृत व्यक्ती म्हणायचं. जळो ते शिक्षण, असं झालं मला.

पण सर वाईट नव्हते. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "दारू प्यायले नव्हते, हे तुझं मुख्य म्हणणं. त्याच्याखाली काहीच नाही बघ. तुला कसं माहीत?"

"माय सांगते."

"चालेल. घरच्या माणसाचं सांगणंही पुरावा असतो. पण तिला कसं माहीत? तिने स्वतः पाहिलं का? तिला नीट विचार, आणि ती सांगेल ते तसंच उतरव."

दिवाळीच्या सुट्टीत गेले. माय अंगणात धान पाखडत होती. मी वही घेऊन समोर बसले आणि कसंबसं विचारलं, "माय, बाबा पेले नव्हते हे तुले कसं ठाऊक?"

सूप थांबलं. "तुले बी पुरावा पाह्यजे?"

"मले नाई माय. सरले पाह्यजे."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माह्या हातचा चहा पेऊन गेला तो. मीच उठवलं त्याले. मले ताप होता. तो म्हणे, राहू दे आज, जनावर फिरून राह्यलं, कोणीच नाई चाललं. मी म्हटलं, फुलं गुरं खाऊन टाकतीन, घरी बसून काय करतं? लई बोलली मी त्याले. तवा गेला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "सारं लिही. कोणी सांगतलं विचारलं, तं माहं नाव टाक."

इतकी वर्षं हे तिने कोणापाशी काढलं नव्हतं. मी चहाचं लिहून घेतलं. पुढचं लिहायला माझा हात उचलला नाही.

निबंधाला चांगले गुण मिळाले. संदर्भांत मायचं नाव होतं, पुढे 'प्रत्यक्ष मुलाखत'. पुढच्या सुट्टीत मी तो तिला चुलीपाशी बसून वाचून दाखवला. 'सदर व्यक्ती पूर्णपणे शुद्धीत होती', तिथे तिने मान हलवली. वाचून झाल्यावर तिने कागदाकडे बोट केलं.

"अन् मी सांगतलं ते?"

"ते नाई लागत तिथी. मुद्द्याले सोडून होते."

"मी धाडलं त्याले, ते नाई लिहिलं?"

"नाई."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने पदर तोंडाला लावला. बाबांना आणलं तेव्हासुद्धा माय अशी रडली नव्हती. मी कागद बाजूला ठेवला आणि तिच्याजवळ सरकले.

"मले वाटलं, एकदा लिहून झालं का सुटीन मी," ती म्हणाली. "आता आणखीन कोणाले सांगू?"