काकींच्या कोंबड्या

आमच्या शेजारचे आबा समोर बसलेल्या माणसाशीही रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलत. "चाय घेतंस काय?" असं त्यांनी मला विचारलं, की चाळीच्या त्या टोकाहून कुणीतरी "नको" म्हणायचं. तुमच्या ओळखीत एखादा गिरणीवाला असेल, तर तुम्हाला हे नवीन नाही. मागांच्या खडखडाटात उभी हयात गेली, की कान जातात आणि आवाज वाढतो. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. आवाज तेवढा राहिला.

आमची बैठी चाळ बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. मागे थोडी मोकळी जागा, एक शेवगा आणि पुढे रानच. तिथे आबांच्या बायकोने, आमच्या काकींनी, सहा कोंबड्या पाळल्या होत्या. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात अभ्यासाला जागा नव्हती म्हणून मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे. त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर घडलं. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

संध्याकाळी काकी खाली बसल्या, की कोंबड्या त्यांच्या मांडीवर चढत. त्या एकेकीला उचलून पंख बघत, पाय बघत, हळू आवाजात काहीतरी बोलत आणि खुराड्यात ठेवत. आपल्या पायांनी आत जायचं असतं, हे त्या कोंबड्यांना ठाऊकच नव्हतं. आबा दारातून बघत आणि नाक मुरडत. कुणी कोंबड्यांबद्दल विचारलं, की एकच उत्तर.

"माझ्यो नाय त्यो. तिच्यो."

दिवाळीआधी काकी तापाने गेल्या. बाराव्याला आलेला एक पाहुणा, थट्टेत की मनापासून कोण जाणे, म्हणाला, आता एवढ्या कोंबड्या कोण सांभाळणार, कोंबडी-वड्यांची तयारी करा. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो जेवायलाही थांबला नाही.

पण कोंबड्या आबांना भीत होत्या. संध्याकाळ झाली, की आबा मागे येऊन साद घालत, "या गोऽऽ", आणि सहाच्या सहा शेवग्यावर जाऊन बसत. ते काठीने फांदी हलवत, कोंबड्या आणखी वरच्या फांदीवर. रानातून ऊदमांजर यायचं. एका सकाळी शेवग्याखाली नुसती पिसं होती. आबांनी ती वेचून कागदात बांधली आणि कुठे ठेवली ते कुणाला सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी दुसरीही गेली. काकींच्या मागे राहिलेलं एवढंच होतं आणि तेही असं एकेक करून संपत होतं.

"कोंबड्यांका धरूचा पुस्तक नाय काय गो तुमच्या कॉलेजात?" आबांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी माझी आई बोलली. ती साताऱ्याकडची, लहानपणी तिच्या घरी कोंबड्या होत्या. ती म्हणाली, "आबा, राग धरू नका. उभं राहून वरून हात घातला, की त्यांना घार वाटते. खाली बसा, छातीखालून हात घाला. आणि तुमचा तो आवाज..."

"मगे काय मुको होव?"

आणि आबा आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते मागे आले ते चिमूटभर तांदूळ घेऊन, आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले. तोंडातून आवाज नाही. पण ओठ हलत होते, भराभर, अगदी बोलल्यासारखे. मला आधी भीतीच वाटली. मग कळलं, की गिरणीत मागांवर सगळे असेच बोलायचे. आवाज ऐकू यायचाच नाही, म्हणून नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. चाळीत मात्र बातमी पसरली, की आबांनी गुरू केला, जप करतात. एकाने तर कोणते महाराज म्हणून चौकशीही केली.

मी एकदा विचारलं, "आबा, काय सांगता त्यांना?"

त्यांनी आवाज जमेल तेवढा लहान केला. "ती येवची नाय, असां सांगतंय. पयला त्यांका ता कळाक व्हया."

कोंबड्यांना काय कळलं, मी सांगू शकत नाही. आधी त्या लांबून तांदूळ टिपायच्या. मग पायाशी येऊ लागल्या. मग तळहातावर. आबा बोट हलवत नसत. एकदा त्यांनी घाईने काळीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती उडाली, तर पुढचे कितीतरी दिवस पुन्हा लांबूनच. त्या रात्री आईने दिलेला भात आबांनी तसाच परत केला.

एका संध्याकाळी काळी स्वतःहून मांडीवर चढली, गोल फिरली आणि बसली. आबांनी छातीखालून हात घातला. ती हलली नाही. आईने चहा आणला, पण घेणार कसा? तो तसाच गार झाला. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि फक्त ओठ हलवले. मला वाचता आलं. झोपली.

त्यानंतर ऊदमांजराला काही मिळालं नाही. चौघींपैकी दोघी पुढे म्हाताऱ्या होऊन गेल्या. काळी आणि तांबडी उरल्या. मी शेवटच्या वर्षाला असताना आबांनी कणकवलीकडे भावाच्या घरी जायचं ठरवलं.

सकाळीच चाळीच्या तोंडाशी रिक्षा उभी राहिली. न्यायला आलेला पुतण्या म्हणत होता, सुतळीने पाय बांधून पिशवीत घालू, एसटीत सगळे तसंच नेतात. आबा खुराड्याशी बसले, काळीला उचललं, मग तांबडीला. एक या काखेत, एक त्या काखेत. सगळी चाळ दारात आली होती. कुणी पाया पडलं, कुणी पत्र टाका म्हटलं. आबांना हात हलवायचा होता, पण कोपर जरा सैल झालं की कोंबडी चुळबुळ करायची आणि हात पुन्हा घट्ट. तसेच ते रिक्षात बसले. टोपी घसरून डोळ्यांवर आली होती, तीही त्यांना सावरता येईना. आई पुढे झाली, तिने ती टोपी सरळ केली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, जरा हळू ने रे.