चार्जिंगला लावून बसलेले अप्पा

आमच्या दुकानातला माल संपतो, किस्से मात्र रोज नवे येतात. मी ते घरी जाऊन सांगते, तर तिथे कुणाला खरे वाटत नाहीत. मी अमेरिकेत आयसेलिनला ई-सिगारेटच्या दुकानात काउंटरवर असते. आयुष्यात कधी ओढली नाही, बारावीच्या पुढे शिकले नाही, आणि दिवसभर इंजिनियर लोकांना बॅटरी कशी सांभाळायची ते सांगते. हे कसं झालं, मलाही नीट कळलेलं नाही.

मालक मिलिंद नागपूरचा. पहिल्याच दिवशी त्याने शिकवलं, "काकू, सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात नाही ठेवायची. किल्ली दोन्ही टोकांना टेकली की पेट घेते. प्लास्टिकच्या केसमध्ये ठेवायची."

जर्सी सिटीहून येणाऱ्या एका आयटीवाल्याला मी हे पाठ केल्यासारखं सांगितलं. त्याने केस घेतली. पुढच्या वेळी त्याने खिशात हात घातला, तर किल्ल्यांबरोबर बॅटरी बाहेर आली.

"अरे, केस कुठे आहे?"

"आहे ना काकू, एकदम मस्त आहे. इअरबड्स ठेवतो त्यात."

*

हे सगळं ऐकायला आमच्याकडे अप्पा असतात. पुण्याचे, सत्तरीचे, मुलाकडे राहायला आलेले. ई-सिगारेटच्या यंत्राच्या आधाराने त्यांनी साधी सिगारेट सोडली. पण मुलाने बजावलं, "घर लाकडाचं आहे, घरात लहान मुलगी आहे. हे घरात चार्जिंगला दिसलं तर तुमचं पुण्याचं तिकीट काढीन."

नातीला सोडून अप्पांना जायचं नाही. म्हणून रोज दुपारी फिरायला जातो असं सांगून ते आमच्याकडे येतात, यंत्र चार्जिंगला लावतात आणि स्टुलावर बसून राहतात. चार्जिंगला लावलेलं यंत्र सोडून जायचं नाही, हा नियम आमच्या गिऱ्हाइकांत एकटे तेच पाळतात.

*

एक जण यंत्र रात्रभर उशीखाली ठेवून चार्ज करायचा. मी हातच जोडले.

"बाबा रे, उशीखाली का?"

"गरम झालं तर लगेच जाग यावी म्हणून, काकू."

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "माणूस जबाबदार आहे."

*

एका मुलीची बॅटरी चहात पडली. "तांदळात ठेवली काकू, फोन ठेवतो तशी." भिजलेली बॅटरी परत वापरायचीच नसते, हे मी सांगणार इतक्यात ती म्हणाली, "पण रूममेटने त्याच तांदळाचा भात लावला."

"अगं बाई! आणि बॅटरी?"

"ती आधी काढली तिने. पुसून चार्जरला लावली."

मिलिंदने ती बॅटरी मागवून घेतली आणि रिसायकलिंगला दिली. भाताचं काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. अप्पांनी विचारलं. मोकळा झाला होता म्हणे.

*

दसऱ्यानंतर एक बाई नवऱ्याचं यंत्र घेऊन आल्या. चार्ज होत नव्हतं. वायर घालतात त्या भोकात ओली हळद, वर कुंकू.

"गाडीची पूजा केली, लॅपटॉपची केली. याचीच नाही केली तर यांना वाईट वाटलं असतं."

मिलिंद शांतपणे म्हणाला, "ताई, हे आता वापरू नका. याला फक्त कोरडं ठेवायचं असतं."

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मग नुसत्या अक्षता चालतील का?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत?

*

परवा अप्पांचा मुलगाच दुकानात आला. चेहरा सगळा अप्पांचाच, त्यामुळे ओळख विचारावी लागली नाही. अप्पा नुकतेच आत बाथरूमला गेले होते. यंत्र काउंटरवर, लाल दिवा चालू.

"कुणाचं आहे हे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं."

"तुम्ही ओढता, काकू?"

"हो. म्हणजे, थोडी."

त्याने वायर उचलून पाहिली. एका जागी ती सोलली होती. "ही अशी वापरू नका, आग लागेल." मिलिंदकडून त्याने त्याच यंत्राची नवी वायर विकत घेतली, जुनी काढली, नवी स्वतःच्या हाताने लावली. लाल दिवा परत लागेपर्यंत थांबला. अप्पा अजून आतच.

दार उघडून तो म्हणाला, "सावकाश होऊ दे तुमचं चार्जिंग. फक्त सहाच्या आत त्यांना घरी पाठवा. मुलगी त्यांच्याशिवाय जेवत नाही."